वीस इंचांचं पाऊल

साहेबांचं पाऊल तीस इंचांचं होतं. अंदाजे नव्हे. कारध्याच्या जागेवर पाऊस उघडल्यावर ओल्या मातीतून ते दहा पावलं चालले, मी मागून टेप धरून गेले, आणि टेपवर बरोबर पंचवीस फूट भरले. तेव्हा त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी डावा नेला, मग उजवा. पायांचा मात्र त्यांना गर्व होता. म्हणायचे, "डोळे गेले तर गेले. माझा टेप माझ्या मांडीत आहे."

हे पाऊल त्यांना भंडाऱ्यात, विणकरांच्या गल्लीत मिळालं होतं, आणि प्रेमानं नव्हे. घरी हातमाग होते. मागावर चढवण्याआधी सुताचा ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर ताणायचा, त्याला भाताची पेज लावायची, आणि घरच्या पोरांनी कुंचा घेऊन ताण्याच्या कडेनं एका चालीत चालायचं. चाल लहानमोठी झाली की पेज कुठं जाड बसते, कुठं पातळ, आणि विणताना सूत तुटतं. वडील बांबूची कामटी घेऊन मागून चालायचे. पाऊल चुकलं की नडगीवर. "मला आर्किटेक्ट त्या कामटीनं केलं," असं साहेब सांगायचे आणि पायजमा वर सरकवून नडगी दाखवायचे. तिथं दिसण्यासारखं काही नव्हतं. मी "अरे बापरे" म्हणायचे. न म्हणून चालत नसे.

ते मुंबईत शिकले आणि समुद्राकाठी घरं बांधणारे म्हणून त्यांचं नाव झालं. देश नवा होता, सिमेंट नवं होतं, आणि ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांना शनिवार-रविवारी मुंबई नकोशी व्हायची. गिरणीवाले, डॉक्टर, सिनेमातली माणसं. साहेबांनी त्यांना बारीक खांबांवर उभी, सपाट छपराची, पांढरी घरं दिली. पश्चिमेची, समुद्राकडची बाजू आख्खी उघडी, नुसत्या काचा आणि सागवानी झडपा. परदेशी मासिकांत त्यांचे फोटो आले. त्या फोटोंत एकही माणूस नाही. फोटो काढायच्या दिवशी ते सगळ्यांना घराबाहेर काढत.

त्यांची काम करायची रीत अशी होती की कागदावर काही दाखवायच्या आधी ओहोटीच्या वेळी मालकाला किनाऱ्यावर बोलवायचं. ओल्या वाळूत काठीनं आणि दोरीनं सबंध घर खऱ्या मापाचं आखायचं. मग मालकाला, मालकिणीला त्यातून चालायला लावायचं. कोणी रेघ ओलांडली की ओरडायचे, "तुम्ही भिंतीतून गेलात!" मोठमोठे गिरणीवाले घाबरून दार शोधत वळून यायचे. भरती आली की घर वाहून जायचं. दुसऱ्या दिवशी मालकाला विचारायचं, काय काय आठवतं? जे आठवत नसेल ते घरात कशाला हवं, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मला माहीत, कारण माझी आई त्यातल्या एका घरात स्वयंपाकाला होती. आमचं गाव समुद्रावर. त्या घराच्या मालकाची आई म्हातारी होती, तिनं देवघर मागितलं होतं. साहेबांनी वाळूत देवघर आखलं, म्हातारीनं त्यात बसूनही पाहिलं, पूर्वेकडे तोंड करून. कागदावरही दाखवलं. बांधलं नाही. म्हातारी घरात आली तेव्हा देवांचं गाठोडं मांडीवर घेऊन खोल्यांतून फिरली आणि शेवटी तिनं देव बंबाच्या मागच्या फळीवर मांडले. तिथं वाफेनं कुंकू ओघळायचं, ते आईनं रोज पुसलं. साहेब ही गोष्ट पाहुण्यांना हसवायला सांगत. "भरतीनं देवघर नेलं," म्हणत.

सहावीनंतर माझी शाळा सुटली, कारण आईचे गुडघे गेले आणि त्या घरात वाळू झाडायला कोणीतरी लागणार होतं. समुद्राकडून उघड्या घरात वाळू रोज येते. ती नकाशात दाखवत नाहीत. पुढं लग्न झालं, नवरा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, आई गेली, आणि ते घरही गेलं. खाऱ्या हवेनं आतल्या सळया फुगल्या होत्या, छपराचे पोपडे जेवणाच्या टेबलावर पडायचे. मालकाच्या मुलांनी ते पाडून टाकलं. साहेबांची जवळपास सगळी घरं अशीच गेली. त्या मुलांनीच मला साहेबांचा मुंबईचा पत्ता दिला: बायको वारली आहे, मूलबाळ नाही, डोळे चाललेत, माणूस लागतंय.

साहेबांनी विचारलं, "काय येतं?"

मी म्हटलं, "भात, आमटी, मासे."

"वाचता?"

"सहावीपर्यंत."

त्यांनी एक नकाशा पुढं सरकवला. मी वाचलं: "पंधरा, मग वर एक टिंबासारखी खूण, मग सहा, मग दोन खुणा." ते हसत सुटले. फोन करून दोघाचौघांना त्यांनी ते ऐकवलं, माझ्याचकडून पुन्हा म्हणून घेऊन. मी म्हटलं. पण त्याच संध्याकाळी त्यांनी मला खुर्ची ओढायला सांगितली आणि फूट म्हणजे काय, इंच म्हणजे काय, एका फुटात किती इंच, इथून सुरुवात केली. चुकलं की सागवानी पट्टी टेबलावर आपटायचे. एकदा बोटांवरही बसली. वर्षभरात मी त्यांचे सगळे नकाशे घडाघडा वाचायला लागले. फुटाचे इंच, इंचाचे फूट, भागाकार, पायऱ्यांचा हिशेब. आज हे लिहिते आहे तेही त्यांच्यामुळे. मी त्यांचे उपकार विसरलेले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

मग त्यांचा पुतण्या आला आणि त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेला. त्यांच्याबरोबर मीही गेले. जिल्ह्याचे दोन होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. घरातले माग कधीच मोडले होते, पुतण्याचं कापडाचं दुकान होतं. पुतण्याला मी भाऊ म्हणायचे, त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनी सानगडीच्या. तोंडानं फटकळ, कामाला वाघ. मला त्यांनी पहिल्या दिवशी नाव ठेवलं ते शेवटपर्यंत राहिलं: समुद्रवाली.

"काहून वो समुद्रवाली, तुमच्याकडं भातात मासे टाकतात का माशात भात?"

मी हसायचे. मला त्या घरात राहायचं होतं.

साहेबांना आणलं त्याला कारण होतं आणि ते कोणी लपवतही नव्हतं. कारध्याला, वैनगंगेच्या काठावर, पुलाजवळ उंचावर एक जागा होती. साहेबांच्या वडिलांनी ती साहेबांच्या नावावर ठेवली होती. समोर नदी, नदीपलीकडे भंडारा.

पहिल्याच आठवड्यात भाऊ म्हणाले, "काकाजी, सरकारनं जिल्हा वाटून देला, आता आपली बी जागा देऊन टाका ना. तुमाले कायले पायजे एवढ्या वयात?"

साहेब म्हणाले, "देतो. पण त्यावर घर बांधायचं ते माझ्या नकाशाप्रमाणे. एक इंच इकडं-तिकडं नाही. घर उभं राहिलं, मी त्यातून चाललो, की सही. नाहीतर जागा नदीला देऊन टाकीन."

चाळीस वर्षांत त्यांना कोणी घर सांगितलं नव्हतं. बांधलेली पडली होती. हे एकच उरलं होतं, आणि ते हवंय म्हणून त्यांचा आवाज कापत होता. भाऊंनाही तो ऐकू आला असणार.

नकाशा त्यांनी बोलून केला आणि मी कागदावर काढला. दारातून शिरलं की सरळ नदीपर्यंत उघडी पडवी, पंचेचाळीस फूट लांब. म्हणजे त्यांची अठरा पावलं. अठराव्या पावलाला कठडा, खाली नदी. पश्चिमेला भिंत नाही, सहा बारीक खांब आणि झडपा. मी काढता काढता थांबले. हे घर मी झाडलेलं होतं. तेच समुद्राकाठचं घर, फक्त समुद्राच्या जागी वैनगंगा.

भंडाऱ्यात माझा एक उन्हाळा झाला होता. मे महिन्यात पश्चिमेकडून लू सुटते, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, लोक त्या बाजूच्या खिडक्या गोणपाटानं बुजवतात. मी भीत भीत म्हटलं, "साहेब, इथं पश्चिमेकडून वारा नाही येत. आग येते."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तू सहावी पास आहेस ना? की नापास?"

"पास."

"मग सातवी पास झालीस की बोल."

दसऱ्यानंतर कारध्याच्या जागेवर आखणी झाली. इथं वाळू नव्हती, भरती नव्हती, म्हणून चुन्याची फक्की मारून रेघा काढल्या. साहेबांनी वहिनींना हाक मारली. "घरची बाई तू आहेस. चाल."

वहिनी पदर खोचून चालल्या. नीट चालल्या, एकही भिंत ओलांडली नाही. मग उभ्या राहून म्हणाल्या, "काकाजी, सैपाकघर एवढ्या दूर कायले? आन् उन्हाळ्यात या पडवीत कोण बसन? पापड वाळवाचे का मानसं?"

ठेकेदार हसला. तो लाखांदूरकडचा, साहेबांसमोर अदबीनं उभा असायचा.

साहेब म्हणाले, "तुला घर नको आहे. तुला दुकानाच्या मागची खोली हवी आहे. जन्म तिथं गेला, डोळ्यांना सवय तीच." आणि राग चढला की त्यांची मुंबईची भाषा गळून पडायची तशी पडली. "मले घर शिकवून राहिली! आंधळा मी हाओ का तू?"

वहिनींनी पदर सोडला.  घरी आल्यावर भांडी इतक्या जोरात घासली की तळाची कल्हई निघाली असती.

चार-पाच दिवसांनी, साहेब दुपारचे झोपले असताना, भाऊ, वहिनी आणि ठेकेदार स्वयंपाकघरात बसले होते. मी चहा गाळत होते. ठेकेदारानं दुसरा नकाशा आणला होता: तीस फुटांची बैठक, पश्चिमेला आख्खी भिंत, वर एक लहान झरोका, स्वयंपाकघर लगत. चांगला होता. मी वाचला म्हणून सांगते, राहायला चांगला होता.

"घर हेच बांधू," भाऊ म्हणाले. "पन बुढा चालून पाहीन ना. अठरा पावलं मोजीन."

"भिंत आखरीले बांधू," ठेकेदार म्हणाला. "सही होयेपर्यंत नदीकडची बाजू खुली ठेवतो. हवा लागते अंगाले, बुढा खुश. पन पावलाचं माझ्याच्यानं नाई जमत."

 मग वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "हिले मोजता येते."

मी गाळणी धरून उभी. "वहिनी, मी कशी..."

"तुले कोनी जबरदस्ती नाई," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "नसन जमत तर उद्या यष्टीत बसवून देतो. नागपूरवरून गाडी आहे. जा आपल्या समुद्रावर. कोन हाये तिथं तुयं?"

कोणी नव्हतं, हे त्यांना मीच सांगितलं होतं, मटार सोलता सोलता.

मला तो हिशेब करायला कागदही लागला नाही. तीस फूट म्हणजे तीनशे साठ इंच. भागिले अठरा. वीस. "वीस इंचांचं पाऊल पडलं पाहिजे," मी म्हटलं. माझाच आवाज मला शहाण्या मुलीसारखा वाटला. आणि मग, कोणी न विचारता, मीच पुढं सांगितलं की त्यांच्या पायाला आठ नंबर लागतो, दहा नंबरची जड चप्पल घातली तर ते पाय फरफटत चालतील, पाऊल आपोआप लहान पडेल. राहिलेलं मी दंडाला धरून बघते.

"देखा!" ठेकेदार म्हणाला. "इंजिनेर होयाले पायजे होती बाई."

चप्पल भंडाऱ्याच्या बाजारातून आली. म्हशीच्या चामड्याची, तळव्याला टायर. साहेबांना सांगितलं की जागेवर खिळे, सळया पडलेल्या असतात, आणि तुमच्या पायाला सूज येते म्हणून सैल घेतली. ते म्हणाले, "बरं केलंस, लक्ष ठेवतेस." आम्ही दोघांनी घरच्या अंगणात पंधरा दिवस सराव केला. त्यांना वाटलं मी त्यांना चप्पलेची सवय करून देते आहे. मी त्यांच्या डाव्या दंडाला धरायचे आणि वीस इंचांवर माझं पाऊल टाकायचे. जमिनीवर मी खडूच्या बारीक खुणा केल्या होत्या. आधी ते पुढं ओढायचे, माझा हात ताणला जायचा. मग हळूहळू सैल पडले. माणूस ज्याला धरून चालतो त्याच्या चालीनं चालायला लागतो. त्यांच्या वडिलांना त्यासाठी कामटी लागली. मला लागली नाही.

घर वर येत होतं तसं आम्ही तीनदा कारध्याला गेलो. पहिल्यांदा जोत्यावर, मग स्लॅब पडल्यावर, मग गिलाव्याच्या वेळी. दरवेळी मी दारापासून निघायचे, ते तोंडातल्या तोंडात मोजायचे, आणि अठराव्याला मी थांबवायचे. समोर भिंत नव्हती. नदीवरून वारा यायचा, हिवाळ्याचा, गार. खांब म्हणून ठेकेदारानं एक लोखंडी पाइप उभा करून ठेवला होता. साहेब त्यावर हात फिरवायचे. "बारीक आहे. छान. अजून पाच?"

"आहेत ना, काकाजी," भाऊ म्हणायचे. "तुमी म्हनलं तसेच."

तिसऱ्या वेळी ते वाऱ्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. चेहरा इतका मऊ झाला होता की तसा मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "अगं, हे घर टिकेल. इथं खारी हवा नाही." मला त्या क्षणी गाठोडं मांडीवर घेतलेली म्हातारी आठवली, बंबामागच्या फळीवरचे देव आठवले. आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. थोडा वेळच. पण वाटलं.

परतताना वाटेतच सही झाली. कचेरीत अंगठा चालेल म्हणाले तर ते संतापले. पेन मागून घेतलं, आणि मी बोट ठेवलं त्या जागेवर नकाशावर करत तशी लपेटदार सही केली.

दुसऱ्या दिवसापासून पश्चिमेची भिंत उठायला लागली.

सही झाल्यावर भाऊंना हे नाटक चालू ठेवायचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी ठेवलं. मला म्हणाले, "किती दिवस राह्यले बुढ्याचे? खुशीत जाऊ दे." हे त्यांनी मनापासून म्हटलं. भाऊ वाईट नव्हते. वास्तुशांतीला सगळे नातेवाईक येणार, तेव्हा काकाजींना त्यांचं घर दाखवायचं, असं ठरलं. भिंतीचं काय, तर ठेकेदारानं एक सागवानी झडप त्या भिंतीला टेकवून ठेवली. सांगायचं की होमाला वारा लागू नये म्हणून आज झडपा लावल्यात. मी चप्पल तेल लावून मऊ केली. आम्ही सगळ्यांनी सगळा विचार केला होता.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षातून उतरलो. साहेबांना धुतलेलं धोतर, वर रेशमी उपरणं. अंगणात मांडव, चाळीसेक माणसं. मी दंडाला धरलं. दारात पोहोचलो आणि आतून भटजी ओरडले, "अहो, चपला बाहेर! होम मांडलाय!"

आम्ही सगळे जिथल्या तिथं उभे राहिलो. नव्या घरात, पूजेच्या दिवशी, चप्पल घालून कोण जातं? चौघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. चार महिने आम्ही चप्पलेखेरीज कशाचा विचार केला नव्हता, आणि तिची जागा दाराबाहेर असते एवढंच विसरलो होतो.

"हो हो, अर्थातच," साहेब म्हणाले आणि त्यांनी चपला काढल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे.

त्यांनी अनवाणी पाय फरशीवर ठेवला आणि मला कळलं. दंड हातात होता, पण हातात काही राहिलं नव्हतं. लहानपणी बसवलेलं पाऊल फरशी लागताच परत आलं. मी मागं ओढलं. ते म्हणाले, "ओढतेस कशाला?" एक, दोन, तीन. होमाला वळसा घातला नाही, होम बाजूला होता. नऊ, दहा, अकरा. बाराव्याला त्यांचा हात झडपेवर आपटला.

ते थांबले. झडपेवरून हात फिरवला. मग झडपेच्या कडेवरून पलीकडे. तिथं ओला रंग होता. बोटं पांढरी झाली.

"अजून सहा आहेत," ते म्हणाले.

भाऊ पुढं आले. "काकाजी, गर्दीत मोजनं चुकलं तुमचं. बसा इथं."

"मोजणं?" साहेब म्हणाले. ते वळले, हात पुढं धरून दारापर्यंत गेले, आणि पुन्हा निघाले. बारा. भिंत. पुन्हा दार. पुन्हा बारा. भटजींचे मंत्र मध्येच अडखळत होते. पाहुण्यांत कोणीतरी कुजबुजलं, "बुढा काय करून राहिला?" आणि एक बाई हसली. ते ऐकूनही ते थांबले नाहीत. चौथ्या वेळी मी मध्ये गेले.

"साहेब, पुरे."

"तू चाल," ते म्हणाले. "मोठ्यांदा मोज."

मी चालले नाही. चाळीस माणसं पाहत होती. माझ्या तोंडून एवढंच आलं, "चप्पल, साहेब..."

ते फार हुशार होते. डोळे मिटल्यासारखे केले, ज्याची काही गरज नव्हती, आणि ओठ हलले. बारा गुणिले तीस. भागिले अठरा. मी ते त्यांच्या ओठांवर वाचलं, त्यांनीच शिकवलेलं होतं.

"वीस इंच," ते म्हणाले.



"कोणी काढलं? ठेकेदारानं?" मग स्वतःच मान हलवली. "छे. त्याला भागाकार येत नाही." माझ्या दिशेनं, थोडंसं चुकून, माझ्या खांद्याच्या बाजूला पाहत म्हणाले, "बरोबर आहे. हातचा न धरता केलास ना? बरोबर आहे तुझा हिशेब."

वहिनींनी त्यांना पाटावर बसवलं. जेवणं झाली. वरण थोडं खारट झालं होतं, सगळे त्यावरच बोलत होते.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर साहेबांनी चपला मागितल्या. मला वाटलं त्यांना परत भंडाऱ्याला जायचंय. त्यांनी त्या घरात घातल्या. दारापाशी गेले आणि पाय फरफटत निघाले, मोठ्यांदा मोजत. "एक. दोन. तीन." अठराव्याला भिंतीला हात लागला. म्हणाले, "आला समुद्र."

त्यानंतर ते दोन उन्हाळे जगले. रोज सकाळ-संध्याकाळ त्या दहा नंबरच्या चपला घालून बैठकीत चालायचे, एक ते अठरा, आणि भिंतीपाशी "आला समुद्र." टायरचा तळवा फरशीवर घासायचा तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. भाऊंनी हात जोडले. वहिनींनी एकदा चप्पल लपवली, तर ते जेवले नाहीत, तीन दिवस. चौथ्या दिवशी वहिनींनीच ती त्यांच्या पायाशी आणून ठेवली, आणि आत येऊन मला म्हणाल्या, "तुयंच डोकं चाललं व्हतं ना? आता ऐक." खांब म्हणून दाखवलेल्या त्या पाइपला तोवर कपड्यांची दोरी बांधली होती.

मेमध्ये लू सुटली तेव्हा आख्ख्या कारध्यात आमची बैठक गार होती. शेजारचे दुपारी येऊन बसायचे. "मस्त घर हाये," म्हणायचे. साहेब कोपऱ्यात ऐकत बसायचे.

मला त्यांनी काढलं नाही. मी भात केला तो जेवले, मी आंघोळ घातली ती घेतली. फक्त दंड पुन्हा कधी धरू दिला नाही, भिंतीला धरून चालायचे. आणि नकाशे वाचायला कधी बोलावलं नाही. मी एकदा पायाशी बसून म्हटलं, "साहेब, मला माफ करा, मला जायला कुठं जागा नव्हती." ते म्हणाले, "जागा मलाही नव्हती." मग पाणी मागितलं.

ते गेल्यावर चपला कोणी ठेवून घेतल्या नाहीत. मी अजून याच घरात आहे. भाऊ-वहिनींनी राहू दिलं, त्यांचेही उपकार आहेतच. वहिनी आता थकल्या, मला फटकारतात आणि माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही.

अंगणात पंधरा दिवस, मग चार महिने, खडूच्या खुणांवरून मी ते पाऊल टाकलं होतं. साहेबांच्या पायांतून ते चपला काढताच गेलं. माझ्या पायांतून गेलं नाही. बैठकीतल्या फरश्या दहा इंचांच्या आहेत. मी मुद्दाम मोजत नाही, पण दारातून भिंतीपर्यंत पोछा मारून आले की मला ठाऊक असतं, अठरा. सोमवारी भंडाऱ्याच्या बाजाराला पुलावरून पायी जातो आम्ही बायका. त्या भराभर पुढं जातात, मी मागं पडते, आणि पुलाच्या मध्यावर वहिनी वळून ओरडतात:

"काहून वो समुद्रवाली, पायात बेड्या हायेत का? उचल ना पाय!"

मी उचलते. चार पावलं नीट पडतात. मग पुन्हा वीस.